अठ्ठ्याऐंशी नंबरची कॅसेट

पार्ट नंबर नसेल तर आमच्या स्टोअरमध्ये साधा वॉशरसुद्धा आत घेत नाहीत. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बावीस वर्षं मी स्टोअर सांभाळतोय. बिन कार्ड (खणात कुठला माल किती आहे याची चिठ्ठी), रॅक नंबर, नॉन-मूव्हिंग मालाची यादी, सगळं जागच्या जागी. आणि घरी माझ्याकडे ‘ट्रॅक ०१’ या एकाच नावाच्या ६१२ फायली होत्या.

हे उघडं पडलं आत्याच्या पंचाहत्तरीला. सांगलीच्या घरी सगळे जमले होते. आत्यानं एकच मागितलं, “नानाकडं ती हिराबाईंची भैरवी होती बघ. ती लाव की.” नाना म्हणजे माझे वडील, त्यांना घरात सगळेच नाना म्हणत, धाकटी बहीणसुद्धा. मी लॅपटॉप उघडला. हिराबाई बडोदेकरांच्या नावानं शोधलं, बरोडेकर म्हणून शोधलं, नुसतं भैरवी म्हणून शोधलं. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली. आत्या म्हणाली, “असू दे रे, नाही तर नाही.” ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

पुण्याला परत आलो आणि त्याच आठवड्यात जुनी हार्ड डिस्क टक् टक् करायला लागली.

मग स्टॉक टेकिंग केलं. दोन बाहेरच्या डिस्का, एक जुना डेस्कटॉप, सात पेन ड्राइव्ह आणि घरी लिहिलेल्या ४३ सीडी. त्यातल्या नऊ सीडी संगणकाला दिसेचनात. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर काही वर्षांनी खराब होतो, हे मला तेव्हा कळलं. एकूण फायली ३८,६१४. त्यात फुटपाथवर पन्नास रुपयांना मिळणाऱ्या ‘एकात दीडशे गाणी’ छापाच्या सीडी होत्या, मित्रांनी दिलेली फोल्डरं होती, मी कॉलेजात असताना उतरवलेल्या विकतच्या सीडी होत्या. ते ‘ट्रॅक ०१’ त्यातूनच आले. गाण्यांच्या साध्या सीडीवर बहुतेक वेळा गाण्यांची नावं नसतातच. संगणक ती इंटरनेटवर विचारून आणतो, आणि तेव्हा आमचा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचा, तोही रात्री दहानंतर. नावं आलीच नाहीत. नंतर भरू म्हणालो होतो. वीसच्या वर वर्षं झाली.

सगळ्यात आधी सगळं जसंच्या तसं एका नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. या एकाच शहाणपणामुळे पुढचं सगळं निभावलं, कारण त्यानंतर लगेच मी मोठा गाढवपणा केला. फायलींना आपोआप नावं लावणारं एक सॉफ्टवेअर मिळालं. गाण्याचा ठसा घेतं, जगभरच्या यादीत शोधतं, नाव लावतं. ठसा सापडला नाही तर फायलीचं आहे ते नाव आणि लांबी यांवरून साधारण जुळणारं काहीतरी सुचवतं. रात्री ३८,६१४ फायली त्याच्या पुढ्यात टाकल्या, ‘सगळं मान्य’ वर टिचकी मारली आणि झोपलो.

सकाळी पाहतो तर माझ्या ‘ट्रॅक ०१’ पैकी निम्म्यांना कुठल्या कुठल्या परदेशी बँडची नावं लागलेली. एका मुलतानी रागाच्या फायलीचं नाव जर्मन भाषेत होतं. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. मीच त्याला रिकामं बिन कार्ड देऊन माल ओळखायला सांगितलं होतं. पण सगळ्यात गंमत गंधर्वांची झाली. आडनाव आधी, नाव नंतर अशी यादी लावायची त्याची पद्धत. त्यामुळे बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व आणि कुमार गंधर्व ही सगळी ‘गंधर्व’ कुटुंबातली माणसं म्हणून एका घरात राहायला आली. नारायणराव राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, सौदागर गोरे आणि शिवपुत्र कोमकली. गंधर्व हे आपल्याकडे आडनाव नसतं, पदवी असते, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

मूळ प्रत होती म्हणून सगळं पुसलं आणि परत सुरुवात केली. या वेळी हातानं.

इथे थोडं टॅगबद्दल सांगतो, कारण माझा अर्धा वेळ तिथेच गेला. एमपीथ्री फायलीच्या पोटात नाव-गाव लिहायची सोय १९९६ साली आली तेव्हा फायलीच्या शेवटी १२८ बाइटची चिठ्ठी चिकटवलेली असायची. गाण्याच्या नावाला ३० घरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४. रोमनमध्ये ‘राग मियाँ की तोडी - विलंबित एकताल’ असं लिहायला घेतलं तर ‘विलंबित’पाशी घरं संपतात आणि ताल कापला जातो. माझ्याकडे अशा बिनतालाच्या दोनशे-अडीचशे चिजा निघाल्या. गाण्याच्या प्रकारासाठी तर एकच आकडा, ठरलेल्या ८० प्रकारांच्या यादीतला. त्या यादीत पोल्का आहे, खयाल नाही. शून्य या आकड्याला ‘ब्लूज’. कुणी काही भरलं नाही आणि तिथं शून्य राहिलं, की फाइल ब्लूज. माझ्याकडचे सगळे अभंग ब्लूज होते. (बायको म्हणाली, विरहिण्या असतील तर चूक तरी काय.)

पुढच्या आवृत्त्यांत हवी तेवढी जागा आली, देवनागरीही आली. पण जुन्या प्रोग्रॅममधून देवनागरी नाव एकदा ‘?????’ असं साठवलं गेलं असेल तर ते गेलं. त्या प्रश्नचिन्हांच्या मागे आता काही शिल्लक नसतं. अशा फायली ऐकूनच ओळखाव्या लागल्या.

मला राहून राहून गौहर जान आठवत होती. १९०२ साली कलकत्त्याला तिचं गाणं मुद्रित झालं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला हे कुणाचं गाणं ते कळावं म्हणून शेवटी ती स्वतःच ठणकावून सांगते, ‘माय नेम इज गौहर जान!’ हा टॅग कुठलंही सॉफ्टवेअर पुसू शकत नाही. नानांच्या कॅसेटीतल्या एका तरी गवयानं असं केलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

नानांच्या कॅसेटी हा खरा माल. एकूण २८६. नाना पाटबंधारे खात्यात होते. पगारातून सुरुवातीला एक साधा रेकॉर्डर आणि नंतर टू-इन-वन आला. सांगली आकाशवाणीवरचं गाणं, गावातल्या खाजगी बैठका, आणि मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारा दर्ग्यातला उत्सव. तिथं ते सायकलच्या कॅरियरला रेकॉर्डर बांधून जात. या सगळ्याची एक वही होती. शंभर पानी, खाकी कव्हर. प्रत्येक कॅसेटला नंबर, राग, ठिकाण, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: ‘चांगलं’, ‘फार चांगलं’, ‘तबला जड’, एके ठिकाणी ‘झोप लागली’.

वही माळ्यावर होती म्हणून वाचली. कॅसेटी खाली लोखंडी पेटीत होत्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा पेटीतल्या खालच्या दोन थरांत पाणी गेलं. नाना त्याआधी आठ वर्षं गेले होते. आत्यानं पाणी ओसरल्यावर एकेक कॅसेट उघडून, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणून धुतली आणि सावलीत पंच्याखाली वाळवली. कुणीतरी तिला हेअर ड्रायर सुचवला होता. तिनं तो लावू दिला नाही, नाहीतर टेप वाकडी झाली असती. टेपा वाचल्या. पण कागदी लेबलं लगदा झाली. ५४ कॅसेटी निनावी.

कॅसेट उतरवायला दुसरा मार्ग नसतो. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगानं ती आपली चालत राहते, तुम्ही दुसरं काही करा. मी भाजी निवडली, मुलीचा अभ्यास घेतला, इन्कम टॅक्स भरला. जुना डेक दुरुस्त करून आणला होता. दर तीन कॅसेटींनंतर कापसाच्या काडीला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पुसायचा. ज्यांच्यातली टेप हेडवर दाबणारी फेल्टची गादी पडली होती त्यांना आरत्यांच्या कॅसेटीतली गादी काढून बसवली. आणि एक गोष्ट मला दुकानदारानं दाखवली म्हणून कळली: हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. नानांच्या रेकॉर्डरचा हेड किंचित तिरका असणार, त्यामुळे माझ्या डेकवर सगळं गाणं रजईआडून आल्यासारखं वाटायचं. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू पाव फेऱ्यानं फिरवला आणि तानपुऱ्याच्या तारा एकदम उजळल्या. दर कॅसेटीला हे करायचं. कानानं.

आवाज साफ करायच्या नादी मात्र लागू नका. मी लागलो होतो. ऑडॅसिटीत आवाजाचा नमुना देऊन खरखर काढता येते. सुरुवातीच्या पाच सेकंदांचा नमुना दिला, बटण दाबलं, खरखर गेली. तानपुराही गेला. एकसारखा चालू असलेला आवाज म्हणजे कचरा, असा त्या प्रोग्रॅमचा समज; आणि आपल्याकडे एकसारखा चालू असलेल्या आवाजावरच तर सगळं गाणं उभं. कोरडा, पोरका गळा ऐकवेना. तेव्हापासून खरखर तशीच ठेवतो. अगदी सुरुवातीच्या कॅसेटी रेडिओसमोर रेकॉर्डर ठेवून घेतल्यात, त्यांत कुकरच्या शिट्ट्या आहेत, आणि एका भीमपलासात आजी ‘दूध उतू गेलं’ म्हणते. तेही ठेवलंय.

प्रत्येक बाजूची एक अखंड फाइल, फ्लॅकमध्ये. पंचेचाळीस मिनिटांची साधी फाइल पावणेपाचशे एमबीच्या आसपास होते, फ्लॅक केली की बरीच आटोपशीर होते आणि आवाजातलं काही जात नाही. ती फाइल कापायची नाही. ऐकण्यासाठी तिच्यावरून वेगळे तुकडे करायचे. पुष्कळदा कॅसेटची बाजू द्रुत रंगात आलेली असताना संपते. दुसऱ्या बाजूला सुरू होतं तेव्हा मधली मिनिटभर गेलेली असते. आधी मी ते जोडून एकसंध करायचो. नंतर सोडून दिलं. तेवढ्या वेळात नाना अंधारात कॅसेट उलटत होते.

नंबर कुठला द्यायचा हा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. मी स्वतः तीन पद्धती आखल्या होत्या, एक्सेलमध्ये रंग भरून. मग वही उघडली. नंबर तिथं होतेच. कॅसेट १४७, बाजू ब, म्हणजे ‘के-१४७-बी’. फाइलीचं नाव एवढंच आणि तेही रोमनमध्ये. आधी मी फायलींना लांबलचक देवनागरी नावं देत होतो, गवय्यापासून साथीदारांपर्यंत. मग ती घरच्या लिनक्सवाल्या छोट्या सर्व्हरवर टाकताना कॉपी अडली. तिथं एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांचे पैसे वेगळे. ८५ चिन्हांत तंबोऱ्यावर कोण होतं इथवर पोचता येत नाही. शिवाय गाडीतल्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. तेव्हा बाहेर नंबर आणि आत, टॅगमध्ये, शुद्ध मराठी.

आता आत काय लिहायचं? एमपीथ्रीटॅग हा प्रोग्रॅम यासाठी उत्तम आहे. हजार फायली एका दमात निवडून एक रकाना भरता येतो. पण रकाने ठरवायला हवेत. कलाकार, अल्बम, गाणं हे तीन खण एका बँडच्या बारा गाण्यांच्या तबकडीसाठी बनलेत. नाट्यपदाचा कलाकार कोण? गाणारा. पण ‘मानापमान’ १९११चं, शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गातंय कुणीतरी १९८४ साली आकाशवाणीवर. साल कुठलं लिहायचं? दोन रात्री घालवून ठरवलं: अल्बम म्हणजे नाटक, संगीतकाराच्या खणात चाल लावणारा, साल म्हणजे गाणं मुद्रित झाल्याचं साल, आणि ते माहीत नसेल तर कोरं. अंदाजे साल टाकायचं नाही. चुकीचं साल बरोबर सालासारखंच दिसतं.

‘गीतरामायणा’नं वेगळाच घोळ घातला. छप्पन्न गाणी, फायलींना १, २, ३ असे आकडे. आणि संगणक त्यांना अक्षरं समजून लावतो, म्हणजे १ नंतर १०, ११, १२, असं करत १९ झालं की मग २. रामाचा जन्म व्हायच्या आधी सीतेचं स्वयंवर उरकलेलं. आकड्यांआधी शून्य लावलं, ०१, ०२, तेव्हा अयोध्येत सगळं रीतसर सुरू झालं.

खयालासाठी रागाचा खण हवा होता. तसा तो स्वतः बनवता येतो. फ्लॅकमध्ये हवा तो रकाना घालता येतो, फक्त रकान्याचं नाव रोमनमध्ये द्यायचं. पण फोनवरचे बहुतेक प्लेअर असे घरगुती रकाने दाखवत नाहीत. शेवटी प्रकाराच्या खणात, जिथं ब्लूज होतं तिथंच, मी राग लिहिला. आता फोनवर ‘प्रकार’ उघडला की जौनपुरी, तोडी, भीमपलास, मारवा अशी यादी येते. हा बेकायदेशीर वापर आहे, पण संपूर्ण कामात माझं सगळ्यात आवडतं हेच. एकदा आत्या आमच्याकडे राहायला आली असताना फोननं आपल्या मनानं सकाळी साडेसहाला मारवा लावला होता. आत्या अंथरुणात उठून बसली, “अरे, संध्याकाळ झाली का काय?” तेव्हापासून सकाळची यादी वेगळी.

नावांवरून आत्याशी खटकलंच. एकट्या भीमसेनांची माझ्याकडे पाच माणसं झाली होती: पंडित, पंडितजी, ‘पीटी’ टिंबासकट, ‘पीटी’ बिनटिंबाचे आणि नुसते. मी म्हटलं, उपाध्याच काढून टाकतो. आत्या म्हणाली, “आणि नुसतं भीमसेन जोशी लिहिणार? त्यांच्या तोंडावर म्हणशील?” मग सगळीकडे ‘पं.’ लावलं. क्रमवारीच्या खणात मात्र मी आडनाव टाकलं नाही. नानांच्या वहीच्या मागच्या पानांवर सूची आहे, त्यात भीमसेन ‘भ’मध्ये, किशोरी आमोणकर ‘क’मध्ये. मल्लिकार्जुन मन्सूर कसेही लावा, ‘म’मध्येच. ‘आज जोशी ऐकू या’ असं कोण म्हणतं? तीच सूची मी तशीच उचलली.

दुहेरी माल काढणं हे कंटाळवाणं काम होतं. तंतोतंत सारख्या फायली प्रोग्रॅम शोधून देतो. तशा पाच हजारांवर निघाल्या. एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती मात्र बघून काढाव्या लागतात. १२८च्या, म्हणजे जास्त दाबून लहान केलेल्या एमपीथ्री फायलीत सहसा सोळा हजार हर्ट्झच्या वर काही नसतं, आलेखात कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. ३२०ची, म्हणजे वरच्या दर्जाची म्हणून मिळालेल्या फायलीत तीच रेघ दिसली तर समजायचं की कुणीतरी दुधात पाणी घालून पातेलं मोठं केलंय. शेवटी राहिल्या २१,९०० आणि काही. बाकीच्या ‘भंगार’ नावाच्या फोल्डरात सहा महिने ठेवून मग उडवल्या. हिराबाईंची भैरवी चौथ्या महिन्यात सापडली. ‘न्यू फोल्डर (३)’मध्ये होती. रात्री अकराला आत्याला पाठवली. तिनं सकाळी सहाला एकच अंगठा पाठवला.

राहिल्या त्या ५४ निनावी कॅसेटी. काहींच्या प्लास्टिकवर नानांनी कर्कटकानं नंबर कोरलेला होता, त्या लगेच लागल्या. बाकीच्यांचं ऐकून, वहीशी ताडून बघायचं. वहीत ‘२१२. यमन. तबला जड.’ असेल तर चार यमनांतला तबला कुठला जड ते ऐकायचं. (जड म्हणजे काय, यावर आत्याचा आणि माझा तासभर वाद झाला.) मी दोन-दोन मिनिटांचे तुकडे व्हॉट्सॲपवर पाठवायचो, ती दुपारची चहा ठेवता ठेवता ऐकायची आणि बोलून उत्तर पाठवायची. तिनं बारा-पंधरा वर्षं गाणं शिकलंय. गळा आता साथ देत नाही, कान देतो. एकेक करत त्रेपन्न लागल्या.

उरली ती अठ्ठ्याऐंशी. वहीत एवढंच: ‘८८. तोडी. दर्गा.’ शेऱ्याच्या रकान्यात काही नाही, अख्ख्या वहीत तेवढाच रकाना कोरा. गवय्याचं नाव नाही. नानांना ते लिहायची गरज वाटली नसणार. पुरुषाचा आवाज, मध्यम वय, किराणा घराण्याच्या अंगानं संथ बढत. पाठीमागे कुणीतरी खोकतंय आणि लांबवर एक ट्रक गिअर बदलतोय. आत्याला पहिली दोन मिनिटं पाठवली. मग पाच. मग तिनं अख्खी बाजू मागितली.

आवाज तिलाही ओळखता आला नाही. दोन-तीन नावं घेतली आणि स्वतःच खोडली. परवा रात्री दहाला तिचा फोन. “अरे, ही तोडी आहे म्हणून कुणी सांगितलं?”

“नानांनी. वहीत आहे.”

“नाना काहीही लिहील. याच्यात पंचम कुठाय? मला तर गुजरी तोडी वाटतीय, तिच्यात पंचम नसतोच.”

म्हटलं, मियाँ की तोडीतही पंचम अगदी जपूनच लावतात, उशिरानं. तू शेवटपर्यंत ऐकलंस का?

“मध्येच डोळा लागला माझा. तू ऐक आणि सांग. आणि लागेपर्यंत ते खणात काही लिहू नको.”

बाजू एकेचाळीस मिनिटांची आहे. मी आता सव्विसाव्या मिनिटावर आहे. अजून तरी लागलेला नाही.